कान तेवढा सांभाळा

मी खेळाडूंची चित्रं काढतो. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने पुढे एकच प्रश्न विचारला, की बरं, आणि पोटापाण्याला काय करता? म्हसवडला आमच्या घरी तर हा प्रश्नही आता कुणी विचारत नाही. आमची आई, रंगुबाई, पाहुण्यांना सांगते की अमृत सांगलीला असतो, कंप्युटरवर असतो. तेवढ्यावर पाहुणे समाधानाने चहा पितात. कंप्युटरवर मी दिवसभर उघड्याबंब पैलवानांच्या मांड्या रंगवत असतो, हे तिने अजून भावकीत कळू दिलेलं नाही.

चित्र मी स्क्रीनवर काढतो, कॅनव्हासवर छापून घेतो आणि घडीचं टेबल, स्टँड, फ्लेक्स असा सगळा संसार घेऊन जिथे मेळावा असेल तिथे जाऊन बसतो. माजी मल्लांचा मेळावा, कबड्डीवाल्यांचं संमेलन, क्रीडाशिक्षकांचं अधिवेशन, मला कुठलंही चालतं. टेबलावर रंगाच्या ट्यूबा आणि ब्रशही मांडून ठेवतो. त्यांचा उपयोग काही नसतो, पण त्या दिसल्या की लोक आपल्याला खरा चित्रकार समजतात.

फ्लेक्सची एक वेगळीच गंमत आहे. मी छापायला दिलं होतं 'स्पोर्ट्स पोर्ट्रेट'. छापणाऱ्याने 'स्पोर्ट पोटरेट' असं छापलं आणि मी ते न वाचताच गुंडाळून घेऊन गेलो. मैदानावर फ्लेक्स उभा केल्यावर पहिलंच गिऱ्हाईक आलं, ते स्वतःच्या पोटावरून हात फिरवत. कमी करायचा रेट काय आणि वाढवायचा काय, असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. नवा फ्लेक्स मी अजून केलेला नाही, कारण जे चार लोक टेबलापाशी येतात ते हेच विचारायला येतात.

एकदा मी महत्त्वाकांक्षेने पुण्याला गेलो. कॉमिक्स आणि ॲनिमेवाल्यांचं अधिवेशन होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी ड्रॅगन काढून देत होती आणि तिच्यापुढे ही रांग. माझ्यापुढे स्टँडवरच्या चित्रात शिराळ्याचे आकाराम पैलवान लांगेत शड्डू ठोकून उभे होते, आणि लोक त्यांच्याकडे बघून थोडं लांबून जात होते. शेवटी जांभळ्या केसांचा, पुठ्ठ्याची तलवार घेतलेला एक तरुण थांबला आणि हे कॅरेक्टर कुठल्या सीरिजमधलं आहे, असं विचारता झाला. मी म्हटलं, शिराळा. सीझन किती झाले, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दरवर्षी एक असतो, जत्रा सुरू झाल्या की. त्याने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. बिचारा अजून शोधत असेल. परत येताना शिरवळला गाडी चहाला थांबली, तेव्हा कंडक्टरने माझ्या गुंडाळ्या बघून चटया खपल्या का म्हणून चौकशी केली. मी खपल्या म्हणून सांगितलं.

तर असा मी कलावंत. माझं थोडंफार नाव झालं ते चित्रामुळे नाही, कानामुळे झालं.

पैलवानाचा कान मातीत घासून घासून, समोरच्याच्या डोक्याखाली दबून सुजतो, आत रक्त साकळतं आणि मग तो तसाच घट्ट होऊन बसतो. याला आमच्याकडे कान मोडणं म्हणतात. मोडलेला कान ही पैलवानाची पदवी. ती कुठलं विद्यापीठ देत नाही आणि काढूनही घेत नाही. अडचण एवढीच, की ही पदवी नसलेल्या लोकांनाही चित्रात ती हवी असते. हंगामभर तालमीत दूध पिऊन आलेला माणूस पंचवीस वर्षांनी माझ्याकडे येतो आणि हळूच म्हणतो, कान तेवढे जरा मोडा. मी मोडतो. सुरुवातीला कष्टाने मोडायचो. मग मी एक फर्मास मोडका कान तयार करून ठेवला आणि ज्याला हवा त्याला तो चिकटवू लागलो, डावा नि उजवा एकच, फक्त उलटा करून. हात इतका बसला की मी न विचारताही मोडू लागलो. साताऱ्याच्या एका बॅडमिंटन कोचचेही मी मोडले. ते बिचारे काही बोलले नाहीत. उलट चित्र घरी लावल्यापासून सोसायटीतले लोक जरा आदराने वागतात, असा त्यांचा मेसेज आला.

अशात नाथाजी वस्तादांचा फोन आला. शिराळ्याच्या अलीकडे एका गावात त्यांची तालीम आहे. तालमीच्या भिंतीवर गावातल्या नावाजलेल्या मल्लांची चित्रं ओळीने लावलेली आहेत, वस्तादांच्या वस्तादापासूनची. सगळे पुरुष. वस्तादांना त्या ओळीत शिवांजलीचं चित्र लावायचं होतं. शिवांजली ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली पहिली मुलगी. राष्ट्रीय स्पर्धेत मेडल घेऊन आलेली. आता गुडघा गेल्यामुळे कुस्ती सुटली होती आणि ती पोलिसात लागली होती. पुन्हा मैदानात उतरणार नव्हती, त्यामुळे तिचं म्हणून जे काही तालमीत राहायचं ते या चित्रातच.

पण तालमीच्या कमिटीत लालासाहेब होते. उसाची मोठी बागायत, आवाज त्याहून मोठा. तालमीत मुलीचं चित्र लावायची रीत नाही, असं त्यांचं म्हणणं. वस्तादांनी महिनोन् महिने त्यांची समजूत काढली आणि शेवटी ठरलं ते असं : सांगलीला माजी मल्लांचा मेळावा होता, तिथे सगळ्यांसमोर चित्राचं अनावरण करायचं, कमिटीने ते बघायचं आणि पसंत पडलं तर तालमीत लावायचं. नापसंत पडलं तर विषय कायमचा संपला. वस्ताद मला म्हणाले, "अमृत, गड्या, पोरीचं समदं तुझ्या हातात हाय." माझ्या हातात कुणाचं तरी समदं असण्याची ही पहिलीच वेळ होती. मी छाती फुगवून हो म्हटलं. याच मेळाव्यात लालासाहेबांना त्यांचंही चित्र द्यायचं होतं, दोन्ही कान मोडलेलं, हे मी वस्तादांना सांगितलं नाही. दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं सांभाळावी लागतात.

वस्तादांनी फोटो पाठवले. बहुतेक फोटोंत शिवांजलीचे केस कानावर आलेले. एका फोटोत मात्र ती समोरच्या मुलीला पटात धरून होती आणि डावा कान स्वच्छ दिसत होता. पार मोडलेला.

मी तो बघत असतानाच तिच्या आईचा, मनुबाईंचा फोन आला. नंबर वस्तादांकडून घेतला होता. आधी त्यांनी मी कुठला, कुणाचा, जेवलो का हे सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "बाबा, एकच सांगायचं व्हतं. कान तेवढा सांभाळा."

मी म्हटलं, मावशी, काही काळजी करू नका, आलं माझ्या लक्षात.

बायकांच्या मनातलं मला बरोबर कळतं असा माझा एक समज होता. लग्न झालेलं नसल्यामुळे तो टिकून होता. मुलीसाठी स्थळं बघताहेत हे मला वस्तादांकडून कळलेलं. मोडका कान म्हणजे अडचण. आईला ते तोंडाने बोलता येत नाही, म्हणून ती सांभाळा म्हणतेय, म्हणजेच सांभाळून घ्या म्हणतेय, आपण काय ते ओळखायचं. मी ओळखलं. फक्त मोडके कान चिकटवणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा एक कान दुरुस्त करायला बसलो आणि काय सांगू, असा कान काढला की सोनाराने हात जोडावेत. नाजूक पाळी, वर सुरेख वळण. नुसत्या कानाने भागेना म्हणून गालही जरा भरला, भुवया कोरल्या. चित्र पूर्ण झाल्यावर मी ते लांबून बघितलं आणि मला माझंच कौतुक वाटलं. हे मला वारंवार वाटतं, त्यामुळे मी त्याकडे लक्ष द्यायला नको होतं.

मेळावा सांगलीच्या एका मंगल कार्यालयात होता. दाराशी माझं टेबल, मागे पोटरेटचा फ्लेक्स, आणि सगळ्यांना दिसेल असं उभं केलेलं लालासाहेबांचं चित्र. आत येणारा प्रत्येक जुना मल्ल चित्राकडे बघायचा, मग फेटा बांधून फिरणाऱ्या लालासाहेबांच्या कोवळ्या कानांकडे बघायचा आणि काही न बोलता जेवणाचं कुठे आहे ते विचारायचा. माझा धंदाही बरा चालला होता. दोघांनी कार्ड घेतलं.

मग सत्कार झाले, भाषणं झाली आणि स्टेजवर शिवांजलीच्या चित्रावरचं कापड काढलं. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. पहिले उठून उभे राहिले ते लालासाहेब. त्यांनी माइक मागून घेतला आणि जाहीर केलं की पोरगी नुसती लक्ष्मी दिसतीय, आता आपली काही हरकत नाही, खुशाल लावा तालमीत. मागून कुणीतरी म्हणालं, आता स्थळांची रांग लागणार. लोक हसले. वस्ताद मात्र चित्राकडे नुसते बघत उभे होते. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. मी स्टेजच्या पायरीवर येऊन उभा राहिलो, म्हणजे चित्रकार कोण म्हणून कुणी विचारलं तर शोधाशोध नको.

शिवांजलीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती गुडघा सांभाळत माइकपाशी आली. चित्राकडे तिने वळून बघितलं.

"चित्र लय देखणं हाय," ती म्हणाली. "पण ही मी न्हाई. हिला तालमीत लावू नगा."

वस्तादांनी काय झालं म्हणून विचारलं. तिने डाव्या कानावरचे केस बोटाने मागे सारले आणि तशीच उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मल्लांनी आधी तिच्या कानाकडे बघितलं, मग चित्राकडे, आणि मग एकेकजण माझ्याकडे बघायला लागला. एवढ्या मोडक्या कानांची माणसं एकाच वेळी माझ्याकडे बघताहेत, असा प्रसंग माझ्यावर पूर्वी आला नव्हता.

लालासाहेबांनी पुन्हा माइक घेतला. मोडका कान तालमीत मिरवून करायचंय काय, बाईमाणसाला तो शोभतो का, हेच चित्र चांगलं आहे, लावायचं तर हेच लावा नाहीतर राहू द्या, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. कमिटीच्या दोन माना हलल्या. वस्तादांचा चेहरा उतरला. शिवांजलीने लालासाहेबांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "अण्णा, दाराशी तुमचं चित्र हाय. त्यात तुमचं दोन्ही कान मोडल्यात. ते शोभत्यात, मग माझा का न्हाई?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लालासाहेबांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला, तिथे क्षणभर थांबला आणि खाली आला. माइक शेजारच्याकडे देऊन ते बसले.

आता खरं तर मी गप्प राहायला हवं होतं. पण मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मी पायरीवरून म्हणालो, की यात माझा दोष नाही, यांच्या आईंनीच मला फोनवर तसं सांगितलं होतं.

बायकांच्या रांगेतून मनुबाई उठल्या. बारीक चणीच्या, डोक्यावर पदर. रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. स्टेजपाशी येऊन त्यांनी मला विचारलं, मी काय सांगितलं होतं?

"कान तेवढा सांभाळा," मी म्हटलं.

"मग? सांभाळायचं म्हंजी जपायचं का पुसायचं?"

त्या सांगत गेल्या. पेपरात फोटो आला, तेव्हा पेपरवाल्याने कान पुसला. गावात कमान लावली, तेव्हा फ्लेक्सवाल्याने पुसला. स्थळाला द्यायचा फोटो काढायला गेल्या, तर स्टुडिओवाल्याने न सांगताच पुसून दिला, वर म्हणाला की मावशी, एवढं आपल्याकडून फुकट. "मोडला तवा मीच लय रडले व्हते," त्या म्हणाल्या. "मांडीवर डोकं घिऊन मीच त्यो शेकलाय. पर हाय त्यो तिचा हाय. तू तरी र्‍हाऊ देशील म्हणून तुला फोन केला."

माझे वडील मेंढरं राखतात. कळप एकात एक मिसळले, तर आमच्याकडे मेंढराचा कान बघतात आणि त्यावरच्या खुणेवरून हे कुणाचं ते सांगतात. त्या घरातला मी. माणसांचे कान मी ठशाने चिकटवत आलो आणि जो एक कान खरा समोर आला तो मी गुळगुळीत केला. मला तिथे फार लाज वाटली. गंमत करून ती टाळता येईल का, हे मी मनात चाचपून बघितलं. येत नव्हती.

वस्तादांनी कमिटीकडे बघून एवढंच विचारलं, की कान आहे तसा काढला तर चित्र लावायचं का नाही, आत्ताच सांगा. लालासाहेब खाली बघत होते. खाली बघतच त्यांनी हात वर केला. मग बाकीच्यांनीही केला. वस्ताद माझ्याकडे वळले आणि म्हणाले की हे काम आत्ता, इथेच होईल, आणि चित्र आजच त्यांच्याबरोबर तालमीत जाईल.

आत्ता इथेच म्हणजे हाताने. मी किती दिवसांत हातात ब्रश धरला नव्हता, हे मला आणि माझ्या टेबलावरच्या ट्यूबांनाच माहीत होतं. शोभेला ठेवलेल्या ट्यूबा आतून वाळल्या होत्या. आचाऱ्याकडून सुरी आणून कापल्या, तेव्हा आत थोडा ओला रंग निघाला. पत्रावळीवर तो कालवला. लोक जेवायला जायचे सोडून खुर्च्या ओढून भोवती बसले. एक म्हातारे मल्ल शेजाऱ्याला सांगत होते की ह्यो पोटाचा रेट लावणारा. मी ते दुरुस्त करायला गेलो नाही.

शिवांजली समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, केस घट्ट बांधून, डावी बाजू माझ्याकडे करून. बाकीचं चित्र छापलंय तसंच ठेवून मी आधी तो सुंदर कान रंगाने झाकला. वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. मग बघायला लागलो.

माझा ठशाचा कान नुसताच सुजलेला गोळा होता. हा तसा नव्हता. वरची कड आत दुमडून बसलेली, चिमटून ठेवलेल्या करंजीसारखी. मधली खोलगट जागा भरून गेलेली. पाळी मात्र शाबूत, आणि तिच्यात बारीकसं सोन्याचं टॉप्स. कुस्तीच्या त्या फोटोत ते नव्हतं, बाकी फोटोंत केसांमागे राहिलेलं. पाळीच्या वर एक आडवी रेघ होती, ती कसली म्हणून विचारलं तर म्हणाली, टाके. हरयाणाच्या मुलीबरोबरची कुस्ती. जिंकली का विचारलं, तर म्हणाली, हरले, पण पाठ लागू दिली नाही. हे सांगताना ती पहिल्यांदा हसली. मी रेघ काढली. थोडी वाकडी आली. तिने बघितलं आणि म्हणाली, तशीच आहे.

मनुबाई माझ्या पाठीमागे उभ्या होत्या. मी कॅनव्हासवर कानाच्या आतल्या बाजूला आलो. तिथे गडद रंग बसेना, म्हणून जरा जोर देऊन ब्रश घासायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "तितं दुखतंय तिला."

मी मान हलवली आणि हात हलका केला.